मेचे शेवटचे वाक्य

मित्रांनो, बटण दाबले तरी आता न बोलणारा मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटातल्या आदिवासींच्या एका वस्तीत, लेस्टर नावाच्या म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या घरात, फळीवर माझी जागा आहे.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते लेस्टरच्या बायकोने मला दुकानातून घरी आणले तेव्हा. तिचे नाव मे. आता हे नाव घेता येते, म्हणून घेतो. मध्ये बराच काळ ते घेता येत नव्हते.

मे गोष्टी लिहायची. चहा निवायच्या आत वाचून होतील, एवढ्या लहान. त्या छापून आल्या. शहरातली मुले शाळेत त्या वाचू लागली आणि नवे लिहिणारे तिच्यासारखे लिहू पाहू लागले. पण ती कशी लिहायची, हे मी जवळून पाहिले. ती कोरड्या नदीत झाडाखाली बसायची, मला शेजारी ठेवायची आणि आपल्या भाषेत गोष्ट सांगायची. सांगताना बोटाने वाळूवर माणसे, वाटा, चुली काढायची. तिथल्या बायका अशाच गोष्टी सांगतात. गोष्ट संपली की तळहाताने वाळू पुसून टाकतात. तो सर्रकन होणारा आवाजही माझ्यात उतरायचा.

मग घरी येऊन ती मला ऐकत ऐकत गोष्ट कागदावर उतरवायची. शेवटचे वाक्य आले की मला बंद करायची. ते वाक्य तिने कधीच लिहिले नाही.

“अगं, पण त्या पोराची आई परत आली का?” लेस्टर वैतागायचा. “पुस्तकात तर काहीच नाही!”

“तुला काय वाटतं?”

“आली असेल.”

“मग आली.”

“तुझी बहीण म्हणते नाही आली!”

“मग अक्काच्या गोष्टीत नाही आली. शेवटचं वाक्य ऐकणाऱ्याचं असतं, म्हाताऱ्या. मीच सगळं बोलले तर तू काय करणार? घोरणार.”

तिच्याकडे कॅसेट एकच होती. नवी गोष्ट ती जुन्या गोष्टीवरच भरायची. त्यामुळे ती शेवटची वाक्ये वाळूसारखीच पुसली गेली.

पुढे मे आजारी पडली. नळाचे मचूळ पाणी तिच्या घशाखाली उतरेना. लेस्टर रोज सकाळी नदीत जाऊन हाताने झिरा उकरायचा आणि गोड्या पाण्याचा डबा भरून आणायचा. एकदा तो गेलेला असताना तिने मला उशाशी ओढले आणि बटण दाबले. गोष्ट एका माणसाची होती. तो बायकोसाठी रोज लांबून पाणी आणायचा. वाळू नव्हती, म्हणून ती पांघरुणावर बोट फिरवत होती. तिने शेवटचे वाक्यही सांगितले, आणि पांघरुणावरून हात फिरवला. ही गोष्ट कागदावर यायची राहूनच गेली. थोड्याच दिवसांनी एका सकाळी लेस्टर पाणी घेऊन आला, तेव्हा ती गेली होती. डबा तसाच भरलेला राहिला.

आमच्याकडे माणूस गेले की त्याचे नाव घेत नाहीत, त्याचा आवाज ऐकत नाहीत. घरातली मोठी माणसे मोकळीक देतील तेव्हाच. मेच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नव्हता. तिची थोरली बहीण एल्सी हिने मला मान वळवून पांघरुणात गुंडाळले, ट्रंकेत ठेवले, आणि ट्रंक आपल्या पडवीत नेली. फार मानाने ठेवले. पण माझ्या पोटात सेल तसेच राहिले.

पडवीतले बोलणे मला ऐकू यायचे. एकदा नवा दुकानदार पिठाची गोणी घेऊन आला होता.

“फुटबॉलचा सामना कधी आहे हो?” त्याने विचारले.

“एप्रिल संपला की,” कुणीतरी म्हणाले.

“म्हणजे मे महिन्या...”

एल्सीने हात वर करून त्याला थांबवले.

“पोरा,” एल्सी म्हणाली, “आमच्याकडे यंदा एप्रिलनंतर सरळ जून येतो. गोणी ठेव आणि चहा घे.”

लेस्टर कधी कधी येऊन ट्रंकेच्या झाकणावर हात ठेवायचा. उघडायचा नाही. आत उन्हाळ्यामागून उन्हाळे माझे सेल पाझरत होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

शेवटी एके सकाळी एल्सी म्हणाली, “म्हाताऱ्या, पुरे झालं. घे आता तिचं नाव.”

लेस्टरचे ओठ हलले. “मे,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला.

दोघांनी मला नदीत तिच्या झाडाखाली नेले. लेस्टरने सुरीने गंज खरवडला, नवे सेल घातले. माझ्यातून आधी जाडा, ओढल्यासारखा आवाज निघाला.

“अगं बाई, हिला तर सर्दी झालीय!” एल्सी हसली आणि रडूही लागली.

मग आवाज सुधारला. मे बोलू लागली. लेस्टर पाणी आणणाऱ्या त्या माणसाची गोष्ट मान खाली घालून ऐकत होता. आपलीच गोष्ट आहे, हे त्याला कळले होते. माणूस भरला डबा घेऊन दारात पोचला. आता एकच वाक्य उरले होते. आणि तेवढ्यात माझा टेप फिरवणारा, सेलांच्या पाझराने चिकट झालेला पट्टा घसरला. टेप आत गुरफटली, चुरगळून तुकडे तुकडे झाली. लेस्टरने बटण दाबले. पुन्हा पुन्हा दाबले. वाक्य माझ्या पोटात होते, पण मला ते बाहेर काढता येईना.

मग लेस्टरने वाळूत बोटाने एक दार काढले, दारात एक माणूस, आत एक बाई.

“तिनं डबा हातात घेतला,” तो हळूच म्हणाला, “आणि पाणी प्यायली.”

एल्सीने डोळे पुसले. “मग प्यायली,” ती म्हणाली.

लेस्टरने तळहाताने वाळू पुसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज सांभाळणारे यंत्र कापडात गुंडाळलेले असेल. ते मानानेच ठेवलेले असणार. तरी एकदा उघडा, आतले सेल काढा, आणि मग पुन्हा गुंडाळा. माझ्या बाबतीत एवढे कुणी केले असते, तर लेस्टरला त्या गोष्टीचे दोन शेवट मिळाले असते. एक त्याचा, आणि एक तिचा.