टिकलीचं दार

आठवीच्या वर्गाचा ब्लॉग सुरू केला त्या दिवशीच दर्शनाबाईंनी फळ्यावर नियम लिहून दिले होते. आडनाव नाही, फोन नंबर नाही, फोटो नाही. मुलांचं लिखाण आणि त्याखालच्या प्रतिक्रिया त्या स्वतः वाचत आणि मगच पुढे सोडत.

श्रेयाने तिन्ही नियम पाळले. धाकट्या बहिणीवर तिने ‘आमची दुपार’ लिहिलं. पहिला खर्डा बाईंनी शेरा मारून परत केला. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. कुठे, किती वाजता, कोण काय म्हणतं? मग श्रेयाने सगळं घातलं. डिलाईल रोडची चाळ, दत्ताच्या देवळाला लागून. तिसरा मजला, जिन्याजवळची निळ्या दाराची खोली. शाळेतून आल्यावर साडेबारा ते सहा बहीण कडी लावून एकटी असते. घरात तिला टिकली म्हणतात आणि त्या नावाने हाक आली तरच दार उघडायचं, असं आईने शिकवलंय. बाईंनी हा खर्डा वर्गात मोठ्याने वाचून दाखवला आणि ब्लॉगवर सोडला होता.

गुरुवारी सकाळी पोथीचा अध्याय संपवून बाईंनी प्रतिक्रिया तपासल्या. एक राहुलमामाची होती. ‘टिकलीला सांग, आज दुपारी खाऊ घेऊन येतो.’ घरचं नाव घेतोय म्हणजे घरचाच माणूस, असं धरून त्यांनी ती सोडली.

अडीचच्या सुमारास, संगणकाच्या तासाला, श्रेया टेबलापाशी आली.

"बाई, हा राहुलमामा कोण?"

"तुझा मामा ना गं?"

"माझा मामा राजाराम. तो देवगडला असतो. त्याचा फोन बटणांचा आहे."

बाईंनी निबंध पुन्हा उघडला. टिकली हे नाव चौथ्या ओळीत होतं. त्यांच्या शेऱ्याआधीच्या खर्ड्यात ते नव्हतं.

श्रेयाच्या आईचा फोन ड्युटीवर असताना लॉकरमध्ये असे. शेजाऱ्यांचे नंबर श्रेयाला पाठ नव्हते. हेडबाईंना पोलिसांना कळवायला सांगून बाईंनी तिला त्यांच्याच खोलीत बसवलं आणि त्या निघाल्या. चाळ दहा मिनिटांवर. वाटेत त्या नामस्मरण करू लागल्या, पण प्रत्येक वेळी मध्येच ते निळं दार डोळ्यांसमोर येई. तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना त्या न थांबता चढल्या.

दार बंद होतं. दारासमोरच्या गॅलरीत एक म्हातारी पाय पसरून वाती वळत बसली होती. शेजारच्या सुभद्राकाकू. त्यांचा लक्षवातींचा नेम होता, रोज दुपारी इथेच. निबंधात श्रेयाने सगळं लिहिलं होतं, फक्त रोज दिसणाऱ्या काकू राहून गेल्या होत्या.

"कोणाकडे?" काकूंनी पाय आवरले नाहीत.

बाईंनी शाळेचं नाव सांगितलं, कुणी येऊन गेलं का विचारलं.

"इल्लो एक, पिशयेत खाऊ घेवन. मामा म्हणता. मी इचारलंय, तुमी खंयचे? तर म्हणता, कोकणातले." काकूंनी वात पुरी केली. "कोकण काय एक गाव आसा? गाव सांग म्हटलंय, तर मोबाइलात बघूक लागलो. आपलो गाव कोण मोबाइलात बघता? मी बाजूच्या कुशाबाक हाक मारलंय, तसो जिनो उतरलो."

मुलगी ठीक आहे ना, एवढंच बघावं म्हणून बाई दाराशी वाकल्या.

"टिकली, बाळा."

कडी लगेच पडली. सात वर्षांची मुलगी, हातात अर्धी पोळी, त्यांना उभ्या जन्मात पाहिलेलं नसताना हसत उभी.

काकूंचे हात थांबले होते.

उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बाईंनी फोन काढला, ब्लॉगवरून निबंध उतरवला, तो उतरला हे दोनदा पाहिलं. मग टिकलीसमोर उकिडव्या बसल्या.

"मी कोण, माहीत आहे?"

टिकलीने ‘नाही’ अशी मान हलवली.

"मग दार लाव. मी परत हाक मारीन. गोड बोलेन, खाऊ देते म्हणेन. तरी उघडायचं नाही."

कडी लागली. बाईंनी घसा साफ केला आणि होता तेवढा मायेचा आवाज काढला. टिकली. टिकली गं. खाऊ आणलाय.

आत काही तरी सरकलं. कडीला हात लागल्याचा आवाज आला. मग दारामागून, हुबेहूब काकूंच्या सुरात, पातळ आवाज आला.

"तुमी खंयचे?"