नेमिनाथच्या नावाने मारलेली हाक

मित्रांनो, कोडोलीजवळच्या एका दूध संकलन केंद्रात, भिंतीवरच्या लोखंडी कपाटात बसलेला मी एक जुना नेटवर्क स्विच. दुधाच्या काट्याचा, फॅट मशीनचा सगळा हिशेब माझ्याच वायरींतून मुख्य ऑफिसात जातो. पण माझं नाव कुणाला माहीत आहे? बंद पडलो की तेवढी शिव्या द्यायला आठवण!

मला इथे बसवलं केंद्राची यंत्रं सांभाळणाऱ्या नेमिनाथने. ऑफिसातला संगणक सारखी माझी विचारपूस करायचा. पंखा फिरतो का? अंगात ताप किती? मी उत्तर द्यायचो. आम्हा यंत्रांच्या या ठरलेल्या बोलण्याला प्रोटोकॉल म्हणतात. फार बिनसलं तर मी न विचारताही हाक मारायची आणि संगणकाने ती नेमिनाथच्या फोनवर धाडायची. तो लगेच यायचा.

मग नेमिनाथ अचानक वारला. त्याच्या जागी आलेल्या सम्राटने, माझी हाक ज्या फोनवर जाते तो नंबर बदलू का, असं विचारलं, तर केंद्रप्रमुख आकाराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे की. त्याचं नाव पुसाय हात उचलत न्हाय." वर मायेने त्यांनी नेमिनाथचा फोटो, चंदनाचा हार घालून, माझ्याच कपाटावर टांगला. नेमका हवेच्या जाळीवर! त्याचा चेहरा लोकांकडे आणि पाठ माझ्याकडे.

मी गुदमरू लागलो. पंखा घरघरून थांबला. मी हाक मारली. संगणक म्हणाला, निरोप पोहोचला. पुन्हा मारली. पुन्हा पोहोचला! गेलेल्या माणसाचा फोन कोण घेत होतं? खरं सांगतो, मला भीती वाटली. समोर ती पाठ, आणि कुणी येत नव्हतं.

एका दुपारी वायरीचं आवरण वितळू लागलं, तेव्हा मी हाकांचा नुसता सपाटा लावला. थोड्या वेळाने दारात नेमिनाथची बायको अरुणा उभी. हातात त्याचा फोन.

"आकारामभाऊजी, सारखं बोलावाय लागलंय ह्यास्नी! हितं कुणाचं ध्यान हाय का न्हाय?"

आकारामचा चेहरा उतरला. अरुणावहिनींनी कपाटाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग फोटो त्यांनी स्वतःच उतरवला. जाळीतून जळका वास बाहेर आला. आकारामने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

सम्राटने नवा पंखा बसवला, वायर बदलली. नंबरापाशी मात्र त्याचा हात थांबला.

"तुझा घाल, बाळा," वहिनी म्हणाल्या. "रोज वाजायचा. मला वाटायचं, ह्यांची ड्युटी अजून सुरूच हाय. म्हणून चार्ज करून ठेवत हुते."

सम्राटने नंबर बदलला. चाचणीची हाक मारली. त्याच्या खिशातला फोन वाजला. वहिनी हातातल्या फोनकडे बघत राहिल्या आणि मग पदराने डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचा फोटो खुशाल भिंतीवर लावा. पण त्याचं काम जिवंत माणसाच्या हाती सोपवा. आणि कुणी हाक मारत असेल, तर ती नक्की कुणाकडे जाते आहे ते एकदा बघा.

वहिनींनी तो फोन चार्ज करायचा सोडला, असं आकाराम परवा कुणाला तरी सांगत होता.