जबड्यातली गोम

कुंडलमध्ये सुभेदार लालासाहेबांच्या अंगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. ऊसतोड अर्धी टाकून माणसं आली होती. मधोमध पाटावर सुभेदारांची सून संयोगिता बसली होती. जबड्याखाली पट्टी, खालचा ओठ एका बाजूला ओघळलेला. तिच्यासमोर उपसेबाबा. अंगात शिरलेली करणी उपसून काढतो म्हणून हे नाव. आटपाडीकडून चारचाकीत बसून येतो आणि गाडीतून उतरायच्या आत त्याला करणी कुणी केली ते कळतं.

“डाक्टरानं कापलं, पर कापून करणी जाती व्हय?” अर्धं लिंबू नाचवत बाबा म्हणाला. “ती हाडाला धरून बसलीया. ओठ कोण वडतंय? तीच वडतीया.”

त्यानं पट्टी सोडली आणि लिंबू जखमेवर घासलं. संयोगिता किंचाळली.

“ही न्हाई वरडत, आतली वरडतीया,” असं म्हणत त्यानं जखमेतून काहीतरी लांबट, पिवळट, रक्तानं माखलेलं ओढून काढलं. क्षणभर मुठीत दाबलं आणि हळदीच्या पाण्याच्या ताटात सोडलं. ते वळवळलं.

“गोम,” बाबा म्हणाला. “करणीची गोम.”

बायकांनी हात जोडले, सुभेदारांनीही. एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, “बाबा, हिला पाय कसं न्हाईत?”

“पाय आत तुटून ऱ्हायलं. अंगाऱ्यानं जिरतील.”

लोकांना हेही पटलं. पटवून घ्यायचंच ठरवून आलेल्या माणसाला काय नाही पटत?

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. असल्या बाबांनी रोग्याच्या अंगाला तोंड लावून केसांचा गुंता, खिळे, बाभळीचे काटे काढलेले मी पाहिलेत. वस्तू आधीच गालात दडवलेली असते. एवढ्या हलकट धंद्याला फार अक्कल लागत नाही. पण ही वस्तू खरोखर जखमेतून आली होती, माझ्या डोळ्यांदेखत. ती तिथं आली कशी हे मला कळेना आणि त्याचाच मला जास्त राग आला.

संयोगिताची अक्कलदाढ किडली होती. नवरा फौजेत, लांब. घरच्यांनी लवंग लावली, शेक दिला. जबडा सुजून तोंड उघडेना, तेव्हा कुठं तिला मलकापूरला नेलं. तिथं डॉक्टर राजरत्न यांनी जबड्याखाली चीर देऊन पू काढला आणि रोज पट्टी बदलायला या म्हणून सांगितलं. घरच्यांनी एकदाच नेलं. मग ओठ वाकडा दिसू लागला आणि सासू आक्काताईंनी निकाल दिला की ऑपरेशननं असं होत नसतं.

“गोळ्या बंद,” निघताना बाबानं बजावलं. “इंग्रजी औषध आन् अंगारा एका पोटात नांदत न्हाईत.” जखमेत त्यानं अंगारा ठासून भरला होता.

गाव गोमीचं दर्शन घेत राहिलं. शनिवारी सकाळी मी संयोगिताला बघायला गेलो. सूज गळ्यापर्यंत उतरली होती, लाल, दगडासारखी टणक. तिला थुंकी गिळता येत नव्हती. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून भिंतीला टेकून बसली होती.

“आबा, गाडी काढा,” मी सुभेदारांना म्हणालो.

“बाबा म्हनलं हुतं, जाताना करणी जोर करती.”

“करणी नाही, तुमची सून चाललीय.”

आक्काताई मध्ये पडल्या. “सर, तुमी पुस्तकातलं बोलताय. गोम आमी डोळ्यांनी बघितलीया.”

“मग ती गोमही घ्या बरोबर. डॉक्टरला दाखवू.”

गोमीच्या मानापायी का होईना, सुभेदार उठले.

डॉक्टरांनी संयोगिताला पाहिलं आणि तडक आत नेलं. तोंड उघडत नव्हतं, म्हणून गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी घालावी लागली. मानेत उतरलेला पू पुन्हा काढावा लागला. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, “अजून उशीर केला असता तर रस्त्यातच गेली असती. आतली रबराची पट्टी कुणी काढली?”

सुभेदारांनी गोमीचा डबा पुढं केला. डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं. मग एक पाकीट फाडून तसलीच पिवळट पट्टी काढली आणि म्हणाले, “मुठीत दाबा. आता सोडा.”

सुभेदारांनी मूठ उघडली. पट्टी वळवळली.

“रबर आहे, उसळणारच. पू वाहून जायला वाट राहावी म्हणून मी ती टाका घालून बसवली होती. टाका कापून ती काढली, वर राख भरली, गोळ्या थांबवल्या. मग पू खाली उतरला.”

“आन् ओठ?”

“ओठाची नस तिथूनच जाते. ऑपरेशनात कधी कधी ताणली जाते. बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते.”

“मग ह्ये तवाच का न्हाई दावलं?”

डॉक्टर म्हणाले, “दाखवायला हवं होतं.” हवंच होतं. न सांगणारे डॉक्टर बाबांना गिऱ्हाईक पुरवतात, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

गळ्यातली नळी निघाल्यावर संयोगिता सासऱ्यांशी पहिल्यांदा बोलली. “मामा, त्या दिवशी आतलं कोण न्हाई वरडलं. मीच वरडत हुते. तुमी हात जोडलं.”

 बाबा शेजारच्या वाडीवर आलाय असं कळताच सुभेदार मला घेऊन निघाले. तिथं तोच पाट, तेच ताट. पाटावर गालाला पट्टी बांधलेलं पोर आणि बाबाच्या हातात लिंबू.

सुभेदारांनी त्याचं मनगट धरलं. “लिंबू पिळ.”

“मी निमित्त हाय. करणारी देवी.”

सुभेदारांनीच लिंबू पिळलं. सालीत खोचलेला ब्लेडचा तुकडा बाहेर आला. टाका कापायचं हत्यार ते हेच.

“ह्ये बी देवीचंच व्हय रं?”

मग त्यांनी डॉक्टरांकडून आणलेली कोरी रबरी पट्टी मुठीत दाबली आणि ताटात सोडली. गर्दीसमोर ती वळवळली. बाबाला ऑपरेशन झालेलीच माणसं का हवी असतात, हे मी लोकांना सोप्या भाषेत सांगितलं. मी बोलावलेल्या पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्याला नेलं. जाताना एक भक्त म्हणाला, बाबावर कुणीतरी करणी केली. मूर्खपणावर अजून ऑपरेशन निघालेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अंगातून काही निघालं तर आधी विचारा, ते आत घातलं कुणी आणि कशासाठी. ऑपरेशननंतर ताप आला, सूज वाढली, गिळता येईना, तर देव्हाऱ्यापुढं बसू नका, दवाखाना गाठा. आणि डॉक्टरला प्रश्न विचारायला लाजू नका. तो देव नाही, त्याला विचारता येतं.

पांगणाऱ्या गर्दीतून त्या पोराची आई सुभेदारांजवळ आली. “आबा, ह्याच्या गालातबी तसलंच घातलं असल का वं?”

“असल. हात लावू नगंस,” सुभेदार म्हणाले. “ज्यानं घातलंय त्यालाच काढू दे. बस गाडीत.”