सासऱ्यांचं अळणी ताट

सासरे जाऊन वर्ष उलटलं तरी आमच्या घरातला बटाटा तीनदा मरायचा. आधी सुरीखाली, मग कोमट पाण्यात भिजून आणि शेवटी उकळून. ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे बटाट्यातलं पोटॅशियम कमी होतं. सासऱ्यांच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या तेव्हा हे सगळं ठीक होतं. आता ठणठणीत किडन्यांच्या सासूबाई तेच अळणी, उकडलेलं गिळत होत्या. पाणीसुद्धा सासऱ्यांच्याच बाटलीनं मोजून प्यायच्या. वर शेजारी सासऱ्यांचंही तसंच अळणी ताट मांडायच्या.

"ह्यांच्या डोळ्यांदेखत मी चवीचं कशी खाऊ?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी फटकळ आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण जेवण बेचव लागलं की सासरे चमच्यानं वाटीवर टकटक करायचे, तो आवाज मलाही ऐकू यायला लागला होता. पहिल्यांदा वाटलं, सासूबाईच वाजवतात. वळून पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर. रिकाम्या खुर्चीकडे बघून त्या म्हणत होत्या, "कितीही वाजवा, मीठ नाही मिळायचं." नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "आईचं दुःख आहे ते. जाऊ दे."

जाऊ देता देता सासूबाईंच्या हाडांची काडं झाली. एका सकाळी त्या बाथरूममध्ये कोसळल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहून आम्हालाच फैलावर घेतलं. "रक्तातलं सोडियम पार खाली गेलंय, अंगात प्रथिनं नाहीत. किडनीच्या पेशंटचं पथ्य निरोगी माणसानं कशाला पाळायचं? असंच चाललं तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल."

घरी आणल्यावर मी अंडी उकडली, डाळ केली, मीठ घातलेली भाजी केली. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"ह्यांना अळणी आणि मला हे? शेवटी शेवटी चिमूटभर मिठासाठी हात जोडायचे गं. मी डबा कुलपात ठेवला. तसेच गेले."

तेवढ्यात वाटी वाजली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ऐकू आलंय, हे त्यांना कळलं.

माझं डोकंच फिरलं. भीतीनं की रागानं, कोण जाणे. "अहो, तुम्ही मीठ दिलं नाहीत म्हणून ते इतकी वर्षं तगले! आणि आता ते गेलेत, आई. गेलेल्या माणसाला कसलं आलंय पथ्य? मीठ आता काय करणार आहे त्यांचं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सासूबाईंनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरंच काही करणार नाही?"

"नाही."

"मग आधी ह्यांना वाढ."

मी मीठ चिमटीत घेतलं, पण सासऱ्यांच्या ताटावर ते सोडवेना. त्यांच्यापासून मीठ लपवण्यात माझीही वर्षं गेली होती. चिमटीतून एक कण सुटेना. सासूबाईंनी माझं मनगट धरलं, ताटावर नेलं आणि दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"जेवा," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. रडत रडतच त्यांनी स्वतःचं ताट पुढे ओढलं. "आता मीपण जेवते."