घड्याळवाल्याचा अंगठा

आमच्या मेजाच्या खालच्या बाजूला हात लावायची सोय नाही. सव्वीस वर्षांचं चघळलेलं च्युइंगम तिथे चिकटून वाळलंय, आणि त्यातलं निम्मं तरी पंचांचं आहे. सामना चालू असताना गुडघा चुकून वर गेला की त्याला घासतो, आणि घरी आल्यावर मी ती पॅंट इतर कपड्यांपासून वेगळी भिजत घालतो. बायको म्हणते, एवढी किळस येते तर जाता कशाला. जातो, कारण त्या मेजाच्या वरच्या बाजूला एक बटण आहे आणि त्या बटणावर माझा अंगठा असतो.

मी घड्याळवाला. व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यात घड्याळ चालू करायचं आणि थांबवायचं, एवढंच माझं काम. शिट्टी वाजली की थांबवायचं. रेषेबाहेरून चेंडू आत फेकला आणि आतल्या कुठल्याही खेळाडूचा हात त्याला लागला, की चालू करायचं. आधी नाही, नंतर नाही. घड्याळ चालू झालं की बटणाशेजारी हिरवा दिवा लागतो, आणि वेळ संपली की बास्केटच्या फळीभोवती लाल. बाकी आठवडाभर मी वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासतो, बरोबर असले तर शिक्का मारतो, नसले तर नापासाची चिठ्ठी लावतो. मापात पाप मला खपत नाही. हॉलमध्ये मला सगळे 'अंगठा' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्या नावाचा मला अभिमान होता.

यंदाच्या प्लेऑफमध्ये आमची गाठ नदीपलीकडच्यांशी पडली. आमच्या शर्टावर बैल, त्यांच्या शर्टावर बगळा. सात सामने, चार जिंकेल तो अंतिम फेरीत. पेपरवाल्यांनी 'चुरशीची मालिका' असं छापलं. चुरस कसली, उकिरडा होता नुसता. दुसऱ्या सामन्यात आमच्या आडदांड सेंटरने कोपर मारून त्यांच्या एका पोराचं नाक फोडलं. फरशीवरचं रक्त पुसून टॉवेल बाहेर नेला, तेव्हा आमच्या लोकांनी त्या टॉवेलला टाळ्या वाजवल्या. तिसरा सामना त्यांच्याकडे होता. तिथे आमच्या संघाच्या कपडे बदलायच्या खोलीतले संडास आदल्या दिवशीच तुंबले, आणि ते आपोआप तुंबले असं मानायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. आमचे लोक आठवडाभर त्या संडासांवरून बोंबलत होते. टॉवेलबद्दल विचारलं की म्हणायचे, खेळात लागतंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पाचव्या सामन्यात तर माझा दातांचा डॉक्टर, दहा वर्षं मला नीट चूळ भरायला शिकवणारा माणूस, कठड्यावरून वाकून बगळ्यांच्या राखीव खेळाडूंवर थुंकला. मी त्या आठवड्याची भेट रद्द केली. दाढ दुखत होती, ती दुखू दिली.

सहा सामन्यांनंतर तीन-तीन. सातवा आमच्या हॉलमध्ये.

आता मेहुण्याबद्दल सांगायला हवं. बैलांचा प्रशिक्षक हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. साला हा शब्द आपल्याकडे नात्यालाही चालतो आणि शिवीलाही, आणि त्या दोन आठवड्यांत मला त्यातला फरक कळेनासा झाला. गेल्या वर्षी तो प्रशिक्षक झाला तेव्हाच मी बास्केटबॉल संघटनेला पत्र लिहून कळवलं होतं, की नातं आहे, मला मेजावरून हलवा. संघटनेने उत्तर दिलं की समोरच्या संघाची हरकत नसल्याची सही मिळाली तर तुम्हीच बसा. प्लेऑफच्या आधी ती सही बगळ्यांच्या प्रशिक्षकाने दिली. तो सत्तरीचा म्हातारा आहे, कोणाला दोन बरे शब्द बोलल्याचं ऐकिवात नाही. त्याने कागदावर सहीखाली लिहिलं होतं, 'अंगठा असेल तर हरकत नाही.' त्या कागदाची एक प्रत मी कपाटात ठेवली आहे. बक्षिसं मला फारशी मिळालेली नाहीत.

सातव्या सामन्याच्या तीन दिवस आधी मेहुणा चहाला आला. आधी हवापाण्याचं बोलला, मग माझ्या ब्लडप्रेशरचं, मग स्वतःच्या गुडघ्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाची मला मनस्वी चीड आहे, म्हणून मीच विचारलं, काय हवंय ते सांग. मालकांनी त्याला सांगितलं होतं की अंतिम फेरी नाही तर पुढच्या वर्षी तूही नाही. हे सांगताना त्याने बिस्किटाचे इतके तुकडे केले की बशीत नुसता चुरा उरला.

"भाऊजी, काही चुकीचं करा असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "वेळ आलीच, तर हात जरा सैल ठेवा. तुमचे दुकानदार नाही का ठेवत, घरच्या गिऱ्हाइकासाठी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं मी त्या सैल हातांवर चिठ्ठ्या लावत फिरतोय, आणि हा माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मला तो शब्द सांगतो. मी त्याला चहा संपवून जायला सांगितलं. तो न संपवताच गेला. बायकोने कप उचलले, विसळले, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरता भरता एवढंच म्हणाली की त्याला लहानपणी अंगाखांद्यावर तिनेच खेळवलंय. मी म्हटलं, मला ठाऊक आहे. विषय तिथेच थांबला.

सामना रविवारी दुपारी होता. हॉलमध्ये घामाचा आणि सांडलेल्या गोड सरबताचा असा वास होता की श्वास तोंडाने घ्यावा लागत होता, आणि बुटाचे तळवे चालताना चिकटत होते. माझ्या डाव्या हाताला नेहमीप्रमाणे चोवीसवाली बसली होती. हल्ला करायला चोवीस सेकंद मिळतात, ते घड्याळ तिच्याकडे असतं. आम्ही अकरा वर्षं शेजारी बसतोय, म्हणजे काही जोडप्यांपेक्षा जास्त. दोन तास खेळाडूंनी एकमेकांचे शर्ट ओढले, खोटं खोटं कोलमडून पडले, उठून पंचांकडे हात पसरले. एवढे उंच, धट्टेकट्टे पुरुष नाकाला काही लागलं नसताना नाक धरून लोळताना बघून मला शरम वाटत होती, आणि ती वाटणारा मी एकटाच आहे असंही वाटत होतं.

शेवटी आमचे एका गुणाने मागे, आणि घड्याळात एक सेकंद आणि तीन दशांश. चेंडू आमचा, बाजूच्या रेषेवरून आत फेकायचा. मेहुणा खेळाडूंना काही सांगत होता. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, हेही मला आठवतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी बटणावर अंगठा ठेवला आणि चेंडूकडे बघत राहिलो. चेंडू आला, आमच्या लंबूने तो पकडला, मी बटण दाबलं, तो वळला, उडाला, चेंडू हातातून सुटला, लाल दिवा लागला, आणि चेंडू जाळीतून खाली आला.

पंचांनी पडद्यावर तपासलं. आमच्या लीगच्या नियमात ते एवढंच बघतात, की लाल दिवा लागायच्या आधी चेंडू हातातून सुटला होता की नाही. सुटला होता. हिरवा दिवा कधी लागला हे कोणी बघत नाही, त्यासाठी माझ्यावर विश्वास असतो. बास्केट धरली गेली, आम्ही जिंकलो.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरू शकत नाही. आमच्या संघाचा व्यवस्थापक मेजावर येऊन मला डोळा मारून गेला. दातांच्या डॉक्टरने कठड्यावरून ओरडून सांगितलं की पुढची दाढ फुकट. ज्या पोरांनी मला आजवर कधी ओळख दिली नाही, ती येऊन माझा अंगठा हातात घेऊन दाबत होती, आणि त्यांचे हात ओले होते. मेहुण्याने मला मिठी मारली. तो रडत होता. कानाशी म्हणाला, "भाऊजी, मानलं तुम्हाला." मी म्हटलं की मी काही केलेलं नाही, तर त्याने मान हलवली आणि म्हणाला, अर्थात, अर्थात. त्याच्या गालाचा घाम माझ्या मानेला लागला. तो मी तिथेच, सगळ्यांसमोर रुमालाने पुसला.

मग बगळ्यांचा म्हातारा आला. सामना संपल्यावर मेजावरच्या सगळ्यांशी हात मिळवायची त्याची रीत आहे, हरला तरी. चोवीसवालीशी मिळवला. माझ्यासमोर आला तेव्हा मी हात पुढे केला. त्याने स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"मी सही केली होती," तो म्हणाला, आणि निघून गेला.

 मी सचोटीने वागलो होतो आणि त्या तुडुंब हॉलमध्ये ते खरं मानणारा एकही माणूस नव्हता. निम्म्यांना मी चोर वाटत होतो म्हणून ते मला शिव्या देत होते, आणि निम्म्यांना मी चोर वाटत होतो म्हणून ते मला डोक्यावर घेत होते. दुसरी तऱ्हा जास्त घाणेरडी होती.

मी ठरवलं, पुरावा द्यायचा. मेजासमोर संघटनेचा एक कॅमेरा असतो, त्यात मैदानही दिसतं आणि माझा हिरवा दिवाही. त्याचं चित्रण मी सोमवारी मागून घेतलं. चोवीसवालीने फोनवर मला सरळ सांगितलं, की राहू द्या, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता. मला तिचाही राग आला. मी तिला विचारलं, तुमचाही विश्वास नाही का. ती म्हणाली, विश्वासाचं नाही म्हणत मी, मोजू नका एवढंच म्हणते. अकरा वर्षं शेजारी बसून हिला मी कळलो नाही, असं मनाशी म्हणत मी फोन ठेवला.

कचेरीत दुपारची सुट्टी झाल्यावर मी मोजायला बसलो. चित्रणात एका सेकंदाच्या पंचवीस फ्रेम असतात. चेंडूला हात लागल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंत किती फ्रेम जातात ते बघायचं. माणूस आहे, थोडा वेळ लागणारच. पण तो दर वेळी सारखा लागला पाहिजे. काटा एकदा बरोबर दाखवतो म्हणून आम्ही शिक्का मारत नाही, पुन्हा पुन्हा वजन ठेवून बघतो. त्या सामन्यात रेषेबाहेरून चेंडू आल्यावर मी घड्याळ एकूण बेचाळीस वेळा चालू केलं होतं. पहिल्यापासून सुरुवात केली. चार फ्रेम. पाच. चार. चार. पाच. एकेचाळिसाव्यापर्यंत एकदाच फक्त सहा, बाकी सगळ्या चार नाहीतर पाच. सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलेलं नव्हतं.

बेचाळिसावी मी मुद्दाम सावकाश मोजली. अकरा.

पुन्हा मोजली. अकरा. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बोलावलं, कशाचं आहे ते न सांगता मोजायला लावलं. तो जांभई देत म्हणाला, अकरा. नेहमीपेक्षा सहा फ्रेम जास्त, आणि लंबूच्या हातातून चेंडू सुटला तो लाल दिव्याच्या फक्त तीन फ्रेम आधी. म्हणजे माझा अंगठा रोजच्यासारखा चालला असता, तर दिवा आधी लागला असता आणि ती बास्केट बाद होती.

मी डोळे मिटून तो क्षण आठवायचा प्रयत्न केला. मला आजही तो तसाच आठवतो: पकडला, दाबलं. मध्ये काहीही नाही. मी हात सैल सोडला नव्हता. तो सुटला होता. आमच्या खात्यात काट्याला कोणी विचारत नाही की तू हे मुद्दाम केलंस का. चुकीचं दाखवलं की चिठ्ठी लावतात.

संध्याकाळी मेहुण्याला बोलावून मी आकडे सांगितले आणि सांगितलं की हे मी संघटनेला कळवणार आहे. निकाल बदलणार नव्हता, तशी सोयच नियमात नाही. तो घाबरला नाही, चिडलाही नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर असं प्रेम आलं, की मला तोंड फिरवावं लागलं.

"म्हणजे ठरवून नाही केलंत," तो हळूच म्हणाला. "मग तर जास्तच झालं, भाऊजी."

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्र लिहायला बसलो. बेचाळीस आकडे ओळीने लिहिले, शेवटच्याखाली रेघ मारली, आणि लिहिलं की सदर घड्याळवाला तपासणीत नापास झाला आहे, त्याला पुन्हा बसवू नये. एक प्रत बगळ्यांच्या प्रशिक्षकाला. बायकोने हात पुसून पत्र उचललं, उभ्यानेच वाचलं, आकड्यांवरून बोट फिरवत पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. तिने पत्र खाली ठेवलं आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं.

"तुम्ही नाही ते नाहीच," ती म्हणाली, "पण तुमचा अंगठा तरी माझ्या माहेरचा निघाला."

आणि ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मला ते हसणं आवडलं, आणि आवडलं याचीच मला त्या साऱ्या मालिकेतली सगळ्यात जास्त किळस आली. मी पत्राच्या घड्या घातल्या, पाकिटात सारलं, कडेला डिंक लावला. पाकीट डाव्या अंगठ्याने दाबून बंद केलं.