ताट परत न करणारं घर

स्टीलचा पसरट डबा. झाकणावर मशीनने कोरलेलं नाव: सौ. कुमुद.

चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. न सोडवलेल्या प्रश्नाला शून्य.

निळा कोट, कोपरांवर चकाकणारा. वर्षातून एकदाच त्याला इस्त्री होते.

मानेसरकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रविवारीही माणसं बसल्या बसल्या झोपलेली असतात.

"फोन उठाती है हमारे यहाँ."

एका विभागाची वेळ संपली की त्या विभागात परत जाता येत नाही. परीक्षेच्या सुरुवातीला पडद्यावर हे वाक्य येतं आणि खाली विचारतात, मान्य आहे का? बटण एकच असतं.

विभाग एक: उतारा

खालील उतारा लक्षपूर्वक वाचा.

दिल्लीत, मुनिरकात मोमोवाल्याच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर सूर्यकांत सरांचा क्लास आहे. बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा. मी, अलकनंदा, तिथे मधला विभाग शिकवते. तक्ते, कोडी, कोण कोणाच्या शेजारी बसलंय वगैरे. सर मूळचे साताऱ्याचे. मंडळाच्या गणपतीत आईची त्यांची ओळख झाली, आणि पुढच्या सोमवारी मी नोकरीला लागले. नेमणुकीचं पत्र मागितलं तर म्हणाले, "आपल्या माणसांत कागद कशाला गं?"

या धंद्यात एक पद्धत आहे. शिकवणारेही दर वर्षी परीक्षेला बसतात. प्रवेशासाठी नाही. त्या संध्याकाळी पोरांना सांगावं लागतं की पेपर किती अवघड होता, कुठला विभाग खडूस होता, कुठले सेट, म्हणजे एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न, उचलायचे होते, कुठले बघून पुढे जायचं होतं. जो स्वतः बसून आलाय त्याचंच पोरं ऐकतात. सर निळा कोट घालून कॅमेऱ्यासमोर लाइव्ह बसतात आणि म्हणतात, "सीधा सेंटर से आ रहा हूँ, बच्चों."

सर कित्येक वर्षांत सेंटरला गेलेले नाहीत. मी जाते. वाचलेला पेपर माझ्या डोक्यात संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा राहतो. मी बाहेर येऊन फोनवर सांगते, सर लिहून घेतात.

गेल्या वर्षी मला इतके चांगले गुण पडले की एका मोठ्या संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या वर्षी ही परीक्षा मी माझ्यासाठीही दिली होती. पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, काय काम करता? मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. त्यांचा मुलगा आमच्याच क्लासचा. "पण ते सर तर स्वतः परीक्षा देतात ना? आम्ही दर वर्षी बघतो." मी म्हटलं, विचारा त्यांना. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

सरांच्या घरी कुकर चालू होता. एक शिट्टी झाली. मग म्हणाले, "अलकनंदा? हां हां. बहुत अच्छी लड़की है. फोन उठाती है हमारे यहाँ."

बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. खोटं पकडलं गेलेल्या माणसाशी चांगली माणसं वागतात तसं त्या माझ्याशी वागल्या. प्रवेश मिळाला नाही.

प्रश्न: यानंतर उताऱ्यातील मुलीने काय केलं?
(अ) नोकरी सोडली.
(आ) भांडली.
(इ) दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली.

उत्तर: इ.

सर त्या दिवशी मला चहा देत म्हणाले, "अगं, मी तरी काय करणार? क्लासचा सवाल होता. दहा जणांचं पोट आहे यावर. पुढच्या वर्षी मी स्वतः बोलतो त्यांच्याशी, बिल्कुल. आणि वहिनींना सांग, चकल्या फर्स्ट क्लास. डबा आणून देतो."

लोकांना वाटलं, हिला गरज आहे म्हणून टिकून आहे. परीक्षा नोव्हेंबरात असते. मला पुढचा नोव्हेंबर हवा होता.

विभाग दोन: सेट

आर. के. पुरमच्या आमच्या जिन्यात मद्रासी, बंगाली, पंजाबी, सगळे केंद्र सरकारचे नोकर. दिवाळीत ताटं वर-खाली होतात. आईचा एकच नियम: आलेलं ताट रिकामं परत जाता कामा नये. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामं नाही. आई मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे, फायली उशिरा परत आल्या तर चालतं तिला. ताट नाही.

"सूर्यकांतभाऊंनी माझ्या नावाचा डबा नाही गं पाठवला अजून," ती मार्चमध्ये म्हणाली. मेमध्येही म्हणाली. मी म्हटलं, "बघते."

त्या पावसाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, मी एक सेट रचला.

सहा घरं. प्रत्येक घरातून एक ताट निघतं, दुसऱ्या एका घरी जातं. ताट परत येतं ते दुसरं काही घेऊन. ज्याच्याकडे चकली गेली त्याच्याकडून लाडू आला नाही. शेवटच्या घरी दोन ताटं गेली. वगैरे. पाच ताटं भरून परत आली, एक आलंच नाही. ते कोणत्या घराने ठेवून घेतलं?

तो सुंदर झाला होता. चार पायऱ्या चढायच्या, तिसरीवर पाय घसरणार, आणि एकदम दार उघडतं. आजवर मी इतकं चांगलं काही रचलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी माझं सेंटर मानेसरच्या अलीकडे होतं, कारखान्यांच्या मधली एक इमारत. पहिला स्लॉट, म्हणजे सकाळची पाळी. फोन बाहेरच्या चहावाल्याकडे ठेवला, आत गेले, पेपर दिला. मधल्या विभागात एक कबड्डीच्या स्पर्धेचा सेट होता, सोपा. तो प्रत्येकाने सोडवला असणार. बाहेर येऊन मी सरांना फोन केला.

"हां अलका, बोल. कसा होता?"

"पहिला भाग मॉडरेट, सर. उतारे लांब, पण प्रश्न सरळ. तिसरा भाग गेल्या वर्षीपेक्षा सोपा, भूमिती कमी."

"आणि मधला?"

"मधला खडूस. पण एक सेट फार छान आहे. ताटांचा. तुम्हाला आवडेल."

मी बाकी सगळं खरं सांगितलं. पोरांचं नुकसान मला करायचं नव्हतं. फक्त कबड्डी काढली आणि तिथे ताटं ठेवली.

सर लिहून घेत होते. मध्येच म्हणाले, "अरे वा. क्या सेट है यार. हा मी बोर्डावर पूर्ण सोडवतो."

"सोडवा की," मी म्हटलं.

विभाग तीन: पर्याय नाहीत, उत्तर स्वतः टाइप करा

घरी आईने टीव्ही बंद करून फोन बाटलीला टेकवून ठेवला होता. "सूर्यकांतभाऊ लागले का?"

लागले. निळा कोट, कोपरं चमकत होती. "सीधा सेंटर से आ रहा हूँ, बच्चों. पहला स्लॉट. हाथ अभी काँप रहे हैं." पेपर त्यांनी नीट सांगितला, किती सोडवले तर पुरेल तेही. मग खडू घेतला. "अब वो सेट, जिसने आज लड़कों को रुलाया."

आणि सरांनी तो सोडवला. ते कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या पायरीवर घसरले नाहीत. बोर्डावर सहा घरं काढली, बाण काढले, चौथ्या घराभोवती गोल काढला. "ये चौथा घर. खाता है, लौटाता नहीं. बदमाश है." आणि हसले.

खाली पोरांची अक्षरं धावायला लागली होती.

*सर कौन सा स्लॉट?*

*फर्स्ट में तो कबड्डी था*

*थाली वाला कहाँ था भाई*

*मैं भी फर्स्ट में था, नहीं था*

*सर किस सेंटर पे थे आप?*

सरांनी डोळे बारीक करून वाचलं. "अरे, मेरे पेपर में था, बेटा. मैंने खुद किया."

*एक स्लॉट में सबका पेपर एक होता है सर*

हे सरांनीच शिकवलेलं आहे, पहिल्या तासाला. पुढे कुणीतरी लिहिलं, *एडमिट कार्ड दिखाओ*. मग शंभर जणांनी तेच लिहिलं. सरांचा हात कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्या खिशात काय असणार होतं? त्यांनी दुसऱ्या हाताने पाणी प्यायलं. चित्र गेलं.

मी ते सगळं रेकॉर्ड करून ठेवलं होतं, पहिल्या वाक्यापासून. यंदाच्या पॅनेलला मला काही पटवून द्यावं लागणार नाही. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी मुलाने हे पाहिलेलं असेलच.

"काय झालं गं त्यांना?" आई म्हणाली.

"नेट गेलं असेल."

माझा फोन वाजला. मी तो तीनदा वाजू दिला, मग उचलला.

"नमस्कार," मी म्हटलं, "फोन उचलणारी बोलतेय."

"अलका. कबड्डी होती?"

"हो, सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आपल्या माणसांत कागद नसतो ना. पेपर तुम्ही बघितलाच नव्हता."

"दहा जणांचं पोट आहे गं यावर. तुझंही."

"ते मुलाखतीच्या दिवशीही होतं."

मग हलक्या आवाजात, जवळजवळ कौतुकाने: "चौथं घर म्हणजे मी. असंच ना?"

"तुम्हीच सोडवलंत. उत्तर बरोबर आहे."

"वहिनींच्या डब्यासाठी? अगं, पण डबा तर..."

मी फोन बंद केला. आईने फोन टेकवलेली बाटली उचलून ओट्यावर ठेवली आणि विचारलं, पोळ्या आता करू की थांबू. मी म्हटलं, आता कर, भूक लागलीय. खरंच लागली होती. त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा मी पाच पोळ्या खाल्ल्या.

डबा परीक्षेच्या आधीच, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी परत आला होता. सर स्वतः आले होते, मी क्लासवर होते. आईने तो वरच्या फळीवर ठेवला आणि मला सांगायचं राहून गेलं. आत अनारसे होते.