सातवा उतारू

"अगं मंदा, डबा दे लवकर! आज पुन्हा लेटमार्क लागला तर साहेब सगळ्यांसमोर उभं करील मला!"

परशुरामच्या घरातली ही रोजचीच आरोळी. रत्नागिरीहून नोकरीसाठी आलेला हा कारकून १९६८ साली राई गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता. उठायला उशीर करायचा आणि मग सगळ्या जगाला घाई करायची, ही त्याची सवय. राईहून भाईंदर स्टेशनला जायला नाथाचा टांगा होता. टांग्याला चंद्री नावाची तांबूस घोडी.

त्या श्रावणातल्या सकाळी परशुराम धावत आला तेव्हा टांग्यात सहा जण बसले होते.

"साहेब, जागा न्हाय," नाथा म्हणाला. "घोरीला झेपाचा न्हाय. मागून दुसरा टांगा येतंय."

"एका माणसाने काय होतंय रे? रोज येणारं गिऱ्हाईक आहे मी!" असं म्हणत परशुराम पायरीवर चढलासुद्धा. वर म्हणाला, "पळव जरा!"

मिठागराजवळच्या उतारावर पाण्याने भरलेला खड्डा होता. चंद्रीचा पुढचा उजवा पाय त्यात गेला. टांग्याचा सगळा भार मागून तिच्यावर आला. ती गुडघ्यावर बसली, धडपडत उठली आणि तो पाय उचलून थरथरत उभी राहिली.

उतारू खाली उतरले. हळहळले. आणि स्टेशनकडे पळाले. सर्वांत पुढे होता परशुराम! गाडी मिळाली, लेटमार्क चुकला. पण दिवसभर कागदांवर त्याची नजर ठरेना.

संध्याकाळी तो थेट नाथाच्या अंगणात गेला. चंद्रीचा पाय गुडघ्याखाली सुजून टणक झाला होता. शेजारचा म्हातारा राघो चुलीत सळई तापवत होता. "डाग दिला का शिरा आकसतात," तो सांगत होता.

नाथाने परशुरामकडे पाहिलं. "साहेब, तुमी शिकलेले हाव. देऊ का डाग? मना काय सुचत न्हाय."

परशुराम मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा दिलेला. पण घोडीच्या पायातलं त्याला काय कळणार? तो एवढंच म्हणाला, "थांब थोडं," आणि भाईंदरला जयकुमारना आणायला गेला. मुंबईत जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर असलेले हे गृहस्थ निवृत्त होऊन तिथे राहत होते.

जयकुमारनी पाय चाचपला. चंद्रीने मान झटकली.

"हाड शाबूत आहे. पण सांध्याला धरून ठेवणारा चिवट पट्टा असतो आत, तो फाटलाय. सळई बाजूला ठेवा. जखमेवर चटका देऊन फाटलेलं कधी जुळतं का?"

"मग औषध?" नाथाने विचारलं.

"विहिरीचं गार पाणी, दिवसातून तीन वेळा. कापूस लावून पट्टी. दुसऱ्या पायालाही पट्टी, कारण सगळा भार आता त्याच्यावर आहे. खाली जाड पेंढा. आणि विश्रांती, आठ-नऊ महिने."

"नऊ महिने! आनी गोळी? सुई?"

"नाही नाथा. याला लवकर बरं करणारं औषध माझ्यापाशी नाही. कोणापाशीच नाही."

नाथा मिठागरावर मजुरीला जाऊ लागला. परशुराम सकाळी पाणी ओतायला येऊ लागला. बादल्यांवर बादल्या ओतायच्या आणि बघत बसायचं! चंद्री खाणं टाकून भिंतीकडे तोंड करून उभी असायची. दुखतंय किती, कमी झालं का, विचारणार कसं? माणूस निदान कण्हतो तरी.

पाचव्या आठवड्यात सूज उतरली. रोज नाथाच्या अंगणातला चिखल तुडवून कंटाळलेला परशुराम आनंदाने म्हणाला, "अरे नाथा, ही तर बरी झाली! रिकामाच टांगा जुंपून बघ ना!"

नाथा घुटमळला. "जयकुमारशेठ न्हाय बोललेत."

"दहा पावलं रे फक्त!"

शिकलेल्या माणसाचा शब्द! नाथाने टांगा जुंपला. पंधराव्या पावलाला चंद्री लंगडली, विसाव्याला थांबली. संध्याकाळपर्यंत पाय पुन्हा खांबासारखा झाला.

जयकुमार आले. "कोणी सांगितलं जुंपायला?"

नाथा मान खाली घालून पट्टी सोडू लागला. त्याने परशुरामचं नाव घेतलं नाही.

"मी सांगितलं," परशुराम म्हणाला. "आणि त्या दिवशी सातवा उतारूही मीच होतो."

"तुम्ही एकटे नव्हता," जयकुमार शांतपणे म्हणाले. "आधीचे सहा जण काय आंधळे होते? टांग्यात चार माणसं बसावीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपण भाडं देतो म्हणजे जनावराचा जीव विकत घेतो, असं वाटतं आपल्याला. नाथा नाही म्हणाला, तर गिऱ्हाईक तुटतं. घोडीला तर नाही म्हणताच येत नाही. मग नाही म्हणायचं कोणी? चढणाऱ्यानेच ना!"

परशुरामच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चंद्रीच्या मानेवर हात ठेवला. "चुकलं माझं, चंद्रे!"

नाथा म्हणाला, "तिला माफी काय समजते, साहेब? पानी वता."

आणि परशुरामने पाणी ओतलं. दिवाळीत ओतलं, संक्रांतीला ओतलं. तासभर लवकर उठून तो स्टेशनला पायी जाऊ लागला. वाटेत भेटेल त्याला ही हकिगत सांगू लागला. कोणी हसलं; कोणी मात्र पाचवा होऊन चढता चढता खाली उतरलं. शिमग्यानंतर नाथा चंद्रीला दोरीला धरून अंगणात चालवू लागला, आधी पाच मिनिटं, मग दहा.

पुढचा श्रावण आला. चंद्री राईच्या खाडीपर्यंत चालत जाऊन परत येऊ लागली होती. पण वळताना अजूनही पाय उचलून धरायची. जयकुमारनी पुन्हा एकदा पाय चाचपला आणि नाथाला स्पष्टच सांगितलं, "चालेल. टांग्याला मात्र पुन्हा कधी जुंपू नकोस."

नाथाने मान हलवली आणि तो मिठागराच्या वाटेला लागला.

वाचकहो, एका क्षणाच्या घाईने जे तुटलं, ते एका वर्षाच्या मायेनेही पुरतं जुळलं नाही. मुक्या जिवाची दुरुस्ती फार वेळा आपल्या हातात नसते. त्याच्यावर चढायचं की नाही, एवढं मात्र नक्की आपल्या हातात असतं!